कुलूप जागेवर, सीट गायब: नागपुरात सायकल उभी करताना आणि परत घेताना

बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) मेन रोडवर किंवा मेट्रो स्टेशनखाली दिवसभर उभी केलेली सायकल संध्याकाळी जागेवरच सापडते, फक्त सीट नसते. हे नुकसान निदान दिसतं. न दिसणारं जास्त वाईट. कोणी पुढच्या चाकाचा नट अर्धा फेरा सैल केला, तेवढ्यात माणूस आला म्हणून पाना खिशात घालून निघून गेला. सायकल जशीच्या तशी दिसते आणि चाक डगमगायला लागतं ते व्हरायटी चौकात, मागे बस असताना. म्हणून कुलूप लावण्याइतकंच लक्ष कुलूप उघडण्याआधीच्या तपासणीकडे द्या.

आधी कुलूप. मागच्या चाकावरचं रिंग लॉक सायकल ढकलत नेऊ देत नाही, एवढंच. उचलून टेम्पोत टाकायला ते काही अडवत नाही. केबल लॉक जाड दिसतं, पण त्यातली बरीचशी जाडी प्लास्टिकची असते. आतली तार बारीक निघते. मुख्य कुलूप यू लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड लोखंडी दांड्याचं, ठेवा आणि ते मागचं चाक, फ्रेम आणि खांब तिन्हींना मिळून लावा. केबल पुढच्या चाकातून घेऊन तिचं टोक यू लॉकमध्ये अडकवा. यू लॉकच्या आत मोकळी जागा जितकी कमी, तितकं पहार घालून फाकवणं कठीण. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की हातोड्याचा घाव नीट बसतो. चावीचं तोंड खाली ठेवा, पाऊस आणि धूळ आत जात नाही. खांब आधी हलवून बघा. बोर्डाचा खांब बुटका असला तर अख्खी सायकल कुलपासकट वरून काढता येते, आणि ट्री गार्ड तर पुष्कळदा नुसता मातीत खोवलेला असतो.

आता पार्ट. सीटला किंवा चाकाला क्विक रिलीजचा खटका असेल तर तो पहिल्यांदा बदला. त्याला पानाही लागत नाही, पोट्टे गंमत म्हणूनही उघडून ठेवतात. चाकाला अ‍ॅलन की (सहाकोनी चावी) लागणारा स्क्यूअर, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा, बसवा, सीटला बोल्टचा क्लॅम्प. क्लॅम्प घेताना माप, म्हणजे सीट जिच्यात बसते त्या फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास, नीट पाहा: २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिमी ही नेहमीची मापं.

अ‍ॅलन बोल्टसाठी एक स्वस्त उपाय म्हणजे बोल्टच्या डोक्यातल्या सहाकोनी खड्ड्यात छर्रा (बेअरिंगची पोलादी गोळी) बसवणं. ५ मिमीच्या खड्ड्यात ३/१६ इंची छर्रा (४.७६ मिमी) बसतो, ४ मिमीच्या खड्ड्यात ५/३२ इंची (३.९७ मिमी). हे छर्रे सायकलच्या दुकानात सुटे मिळतात. खड्डा कापडाने कोरडा करा, तळाशी फेविक्विकचा एकच थेंब टाका आणि छर्रा दाबून बसवा. थेंब जास्त झाला तर गोंद आट्यांत उतरतो आणि पुढे तुम्हालाच बोल्ट निघत नाही. काही जण मेण वापरतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या काळ्या फ्रेमवर ते मऊ पडतं, त्याचा भरवसा धरू नका. काढायचं झालं तर अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचे थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबा, गरज पडल्यास पुन्हा सोडा, मग छर्रा चुंबकाने उचला. रंगावर रिमूव्हर सांडू नका, रंग निघतो. ब्रेकच्या बोल्टना छर्रा कधीच बसवू नका. रस्त्यात ते कसायची वेळ येते.

सीटसाठी जुन्या चेनचा तुकडा उत्तम. सीटखालच्या दोन तारांतून आणि मागच्या त्रिकोणातल्या नळीभोवती गुंडाळून लांबी मोजा, चेन टूलने तोडा, जुन्या ट्यूबमध्ये घाला म्हणजे रंग खरवडणार नाही, आणि पिन मारून जोडा. हट्टी चोर सीट ठेवून तिच्याखालची नळी नेईल किंवा चेन तोडेलही, पण दोन मिनिटांचं काम दहाचं झालं की बहुतेकांचा उत्साह संपतो. लाइट, पंप आणि बाटली मात्र काढून सोबतच न्या.

आता तपासणी. प्रत्येक नट घट्ट कसून झाला की नटापासून अ‍ॅक्सलपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढा. लाल रंग चांगला दिसतो. परत आल्यावर खाली वाका: रेघ तुटली किंवा सरकली असेल तर कोणीतरी पाना लावला आहे. चाकाच्या नटला बऱ्याच सायकलींत १५ नंबरचा पाना लागतो, तो सोबत ठेवा.

मग पुढचं चाक उचलून टायरवर वरून मूठ मारा. ठक् असा आवाज आला तर चाक सैल आहे. चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळा, ते चाकाशिवाय फिरता कामा नये. दोन्ही ब्रेक दाबा. लिव्हर मुठीला टेकत असेल तर केबल कापली आहे किंवा व्ही-ब्रेकची वाकडी नळी खाचेतून काढून ठेवली आहे. नळी हाताने परत बसते, कापलेली केबल नाही. सीट दोन्ही हातांनी पिळून बघा. शेवटी टायर दाबा. साध्या व्हॉल्वमधली रबरी नळी काढून नेणं हा खोडकरपणाचा जुना प्रकार, म्हणून बोटभर व्हॉल्व ट्यूब पाकिटात ठेवा. दोन रुपयांसाठी सायकल बर्डीहून सदरपर्यंत ढकलत नेणं कोणाला हवं?

कुलपाच्या भोकात काडी किंवा गोंद भरलेला असेल तर चावी जोराने फिरवू नका, ती आतच तुटते. काडी सुईने उकरा. गोंदावर अ‍ॅसिटोन, आणि धीर. तुमच्या कुलपाशेजारी दुसऱ्याचंच कुलूप लावलेलं दिसलं तर सायकल तिथे सोडून घरी जाऊ नका. तुम्ही कंटाळून गेलात की रात्री कटर घेऊन यायचं, असा तो डाव असतो. फोटो काढा, ११२ ला फोन करा, बिल आणि फ्रेम नंबर दाखवून कुलूप कापून घ्या. फ्रेम नंबर बहुधा पायडलच्या अ‍ॅक्सलच्या डब्याखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो आजच काढून ठेवा.

पार्ट चोरीला गेला तर त्या भागाच्या पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये येते, आणि माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे एफआयआर नाही, फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून मिळते. गिअरची महागडी सायकल असेल तर सीट, चाक यांची बिलं वेगवेगळी जपून ठेवा. म्हणजे किंमत ५,००० च्या खाली नाही हे कागदावर दाखवता येतं.