पार्टीला न्यायचं गोड: विकतच्या साहित्यातून घरगुती दिसणारे चार पदार्थ

सुट्टीच्या दिवसांत कुणाकडे पार्टी असली की "गोडाचं तू बघ" असं सांगितलं जातं आणि हाताशी एखादीच संध्याकाळ असते. तेवढ्या वेळात बेकिंगच्या वाटेला न जाता घरी केल्यासारखा दिसणारा आणि लागणारा पदार्थ नक्की होतो. एक गोष्ट मात्र स्वतः करायची: फेटलेलं क्रीम, कस्टर्ड किंवा चॉकलेटचं मिश्रण. बिस्किटं, स्पंज केक, सुका मेवा हे सगळं खुशाल विकतचं घ्या. ताज्या क्रीमची किंवा कस्टर्डची चव खाणाऱ्याला लगेच कळते, बिस्किट कुठलं ते सहसा कुणी बघत नाही.

कोणता पदार्थ करायचा हे ठरवण्याआधी प्रवास किती वेळाचा, तिथे फ्रिजमध्ये जागा मिळेल का आणि लोक बसून खाणार की उभ्याने, या तीन गोष्टी विचारून घ्या. उभ्याने खाणार असतील तर हाताने उचलता येईल असंच काही न्या. ट्रायफल (केक, कस्टर्ड, फळं आणि क्रीमचे थर) कितीही देखणं झालं, तरी वाट्या-चमच्यांची सोय नसेल तर ते तसंच पडून राहतं.

बिस्किटांचा थरांचा केक

या चारांत सगळ्यात भरवशाचा हाच. फेटलेल्या क्रीममधला ओलावा रात्रभरात बिस्किटांत मुरतो आणि ती केकसारखी मऊ होतात. ओव्हन लागत नाही.

साहित्य (9 ते 10 जणांसाठी): पातळ, कुरकुरीत बिस्किटं 300 ते 350 ग्रॅम, व्हिपिंग क्रीम 500 मिली, पिठीसाखर 60 ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स 1 छोटा चमचा. भांडं 20 सेंमी चौकोनी आणि निदान 5 सेंमी खोल हवं.

1. क्रीम, भांडं आणि बीटरची पाती फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. क्रीम कोमट असेल तर त्यातली चरबी मऊ पडते आणि हवा धरून ठेवत नाही.

2. क्रीम आधी हळू, मग मध्यम वेगाने फेटा. थोडं दाट झालं की साखर आणि इसेन्स घाला. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा.

3. भांड्याच्या तळाला क्रीमचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे बिस्किटं सरकत नाहीत. त्यावर बिस्किटांचा एक थर लावा आणि कडेच्या फटींत तुकडे बसवा.

4. त्यावर साधारण अर्धा सेंमी क्रीम पसरा. असे चार थर करा. सगळ्यात वर क्रीम आलं पाहिजे.

5. झाकण लावून फ्रिजमध्ये 8 तास ठेवा. आदल्या रात्री करून ठेवणं सोयीचं.

बिघडतं ते बहुतेक वेळा क्रीम. पाकिटावर चरबीचं प्रमाण वाचा: 30 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, 35 टक्के असेल तर उत्तम. वनस्पती तेलापासून केलेलं व्हिपिंग क्रीम बऱ्याचदा आधीच गोड असतं, त्यात वर साखर घातली तर केक घशाशी येतो. जास्त फेटलं गेलं की क्रीम रवाळ दिसू लागतं. तेव्हा लगेच थांबून 2-3 मोठे चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हाताने हलकं मिसळा, बहुतेक वेळा सावरतं. मात्र पाणी सुटून गोळा झाला तर ते लोणीच झालं. मग नवीन क्रीम घेण्याशिवाय इलाज नाही.

बिस्किटं दुधात बुडवण्याचा मोह टाळा. दूध आणि क्रीम दोन्हींचा ओलावा मिळाला की थर विरघळतात आणि सुरी फिरवली की सगळं पसरतं. चार तासांत घाईने काढला तर उलटं होतं: बिस्किटं मधोमध कडक राहतात आणि कापताना क्रीम बाजूने बाहेर येतं.

वरून सजावट एकच करा. बटाट्याच्या साली काढायच्या सोलण्याने चॉकलेटच्या वड्या खरवडून घातल्या तरी पुरे. क्रीम चमच्याच्या मागच्या बाजूने ओबडधोबड फिरवलेलं असू द्या. पाइपिंगची नक्षी काढायला गेलं की केक दुकानातल्यासारखा दिसू लागतो आणि नक्षी जराशी चुकली तर तीच डोळ्यात भरते.

चॉकलेट ट्रफल

हाताने उचलून खायला हे सगळ्यात सोयीचे. डार्क चॉकलेट 200 ग्रॅम (कोको 50 ते 60 टक्के), क्रीम 100 मिली, बटर 20 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ एवढ्यात 25 गोळे होतात. इथे क्रीम फेटायचं नसल्याने 25 टक्के चरबीचंही चालतं. 'कंपाउंड' लिहिलेलं चॉकलेट मात्र घेऊ नका. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते आणि गोळा तोंडात विरघळण्याऐवजी मेणचट लागतो.

चॉकलेट अगदी बारीक चिरा. मोठे तुकडे राहिले तर क्रीमची उष्णता संपते आणि गुठळ्या तशाच राहतात. क्रीम मंद आचेवर तापवा, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद करून चॉकलेटवर ओता आणि 2 मिनिटं अजिबात हात लावू नका. मग मधोमध चमचा धरून छोट्या वर्तुळांत ढवळत बाहेर या. चकचकीत एकजीव झालं की मऊ बटर आणि मीठ मिसळा. फ्रिजमध्ये 2 तास ठेवल्यावर चमच्याने काढून गोळे वळा आणि कोको पावडरमध्ये घोळवा.

मिश्रणावर तेल तरंगलं तर ते फाटलं आहे, पण वाया गेलेलं नाही. कोमट दूध एकेक चमचा घालून मधूनच ढवळत राहा, पुन्हा जमून येतं. 70 टक्क्यांच्या पुढच्या चॉकलेटमध्ये हे जास्त होतं, कारण त्यात कोको बटर अधिक असतं. मिल्क किंवा व्हाइट चॉकलेट वापरायचं तर क्रीम कमी करा: 200 ग्रॅम मिल्क चॉकलेटला 80 मिली, व्हाइटला 65 मिली. नाहीतर गोळे धरत नाहीत.

वळताना हात गरम झाले की चॉकलेट चिकटू लागतं. हात गार पाण्याखाली धरून नीट कोरडे करा आणि पुढचे पाच-सहा वळा. गोळे थोडे वाकडेतिकडे झाले तर तसेच ठेवा. कोको काही तासांत ओलावा ओढून काळपट दिसतो, म्हणून थोडी पावडर बरोबर न्या आणि तिथे पोचल्यावर चहाच्या गाळणीने पुन्हा भुरभुरा.

काचेच्या भांड्यातलं ट्रायफल

विकतचा साधा स्पंज केक 300 ग्रॅम, फळं 400 ग्रॅम, फेटलेल्या क्रीमसाठी 200 मिली क्रीम आणि घरचं कस्टर्ड. भांडं दोन लिटरचं, पारदर्शक.

कस्टर्डसाठी 500 मिली दूध, 60 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम कस्टर्ड पावडर. पावडर नेहमी गार दुधात कालवा. गरम दुधात टाकली की कणांचा बाहेरचा भाग लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळी होते. उकळत्या दुधात हे कालवण ओतून सतत ढवळा आणि दाट झाल्यावरही पूर्ण एक मिनिट उकळू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटवा. गार होऊन घट्ट झाल्यावर जोरात घुसळू नका, ते पुन्हा पातळ होतं.

केकचा वरचा तपकिरी पापुद्रा काढून हातानेच तुकडे करा. सुरीने कापलेले सारखे चौकोन विकतचे आहेत हे लगेच सांगतात. तुकड्यांवर 4-5 चमचे फळांचा रस शिंपडा, कोमट कस्टर्ड ओता, मग फळं, पुन्हा तोच क्रम. क्रीम शेवटी. काचेला लागून फळांचे काप उभे लावले तर बाहेरून थर सुरेख दिसतात.

ताजा अननस, किवी आणि पपई इथे नको. त्यांच्यातली एन्झाइम्स दुधातल्या प्रथिनांवर काम करतात आणि काही तासांत चव कडवट होते. डबाबंद अननस चालतो, कारण तो उष्णता दिलेला असतो आणि त्यातलं एन्झाइम निष्क्रिय झालेलं असतं.

चॉकलेट-बिस्किटांच्या वड्या

प्रवास लांबचा असेल तर याच करा. बटर 100 ग्रॅम आणि कंडेन्स्ड मिल्क 150 ग्रॅम मंद आचेवर एकजीव करा, गॅस बंद करून 300 ग्रॅम चिरलेलं डार्क चॉकलेट त्यात वितळवा. त्यात 200 ग्रॅम बिस्किटांचे सेंटीमीटरभर तुकडे, 100 ग्रॅम भाजून पूर्ण गार केलेले बदाम किंवा अक्रोड, 75 ग्रॅम बेदाणे आणि चिमूटभर मीठ घाला. बटर पेपर लावलेल्या 20 सेंमी चौकोनी डब्यात दाबून बसवा आणि 3 तास फ्रिजमध्ये ठेवा. चार सेंमीच्या 25 वड्या होतात.

बिस्किटं मोडताना पडलेला चुरा चाळून बाजूला ठेवा. तो चॉकलेट शोषून घेतो आणि वड्या भुसभुशीत होतात. कापायच्या आधी डबा दहा मिनिटं बाहेर ठेवा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. सुरीवरचं पाणी तसंच राहिलं तर कापावर पांढुरके डाग दिसतात.

नेताना आणि वाढताना

क्रीम आणि कस्टर्डचे पदार्थ फ्रिजबाहेर एकूण 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. या हिशेबात प्रवासाचा वेळही धरा. आइस पॅक घातलेल्या कूलरमधून नेलं तर वेळ वाढतो. भांडं मांडीवर न घेता गाडीत सपाट जागी ठेवा आणि खाली ओलसर टॉवेल घाला, म्हणजे सरकत नाही. दुकानाचं खोकं घरीच ठेवून पदार्थ स्वतःच्या भांड्यातून न्या.

पिठीसाखर ओल्या क्रीमवर दहा-पंधरा मिनिटांत विरघळते, तेव्हा ती वाढायच्या क्षणीच चाळा. भाजलेल्या सुक्या मेव्याचा चुराही तेव्हाच, नाहीतर मऊ पडतो.

भांड्याशेजारी छोटी चिठ्ठी ठेवा: सुका मेवा, दूध, गहू, अंडं यांतलं काय आहे ते लिहा. विकतच्या स्पंजमध्ये अंडं असतं का, जेली वापरली असेल तर तिच्यात जिलेटिन आहे का, हे पाकिटावर वाचून घ्या. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना हे आधी कळलं पाहिजे. कुणी कृती विचारली तर काय विकतचं आणि काय घरचं ते सरळ सांगा, विशेषतः ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना. ट्रफल आणि वड्या वाढायच्या वीस मिनिटं आधी फ्रिजमधून काढा, थेट गार खाल्ल्या तर चॉकलेटची चव निम्मीच लागते. पार्टीनंतर बाहेर राहून गेलेलं क्रीमचं काही पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. वड्या हवाबंद डब्यात आठवडाभर चांगल्या राहतात, त्या यजमानांकडेच ठेवून या.