पिगटेल टाकल्यानंतरचं काम

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षी यकृतातल्या गळूत पिगटेल (पू बाहेर काढणारी, टोकाशी वळलेली नळी) टाकायची पहिली केस हाती आली, तेव्हा आदल्या रात्री मी सेल्डिंजर पद्धतीच्या पायऱ्या घोकल्या होत्या: १८ गेजची सुई, ०.०३५ इंची वायर, वाट रुंद करणारा डायलेटर, मग नळी. केस सुरळीत झाली. चॉकलेटी, वास नसलेला पू आला. अमीबाचा. पुस्तकं त्याला 'अँकोव्ही सॉस' म्हणतात. आपल्यातल्या किती जणांनी तो सॉस पाहिलाय देव जाणे. वॉर्डात मी मिरवतच गेलो.

तिसऱ्या दिवशी पिशवी कोरडी. 'गळू रिकामं' असं फाईलवर लिहून मी मोकळा झालो. ताप मात्र उतरेना. सरांनी काही न बोलता सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पोकळी होती तेवढीच. थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, बंद! सकाळी कुणीतरी सलाइनने नळी धुतली होती आणि खटका परत फिरवायचा राहिला होता. ते 'कुणीतरी' मीच.

म्हणून नव्या ज्युनिअरांना मी सुईपेक्षा नळीबद्दल जास्त सांगतो. पिशवी कोरडी दिसली की आधी थ्री-वे बघा, मग नळीला कुठे मोड पडलाय का ते. मग ५-१० मिली सलाइन, अगदी हलक्या हाताने. जोर केलात तर जंतू रक्तात जातात आणि तासाभरात पेशंट हुडहुडायला लागतो. एवढ्यानेही नाही सुटलं तर सोनोग्राफी. पू घट्ट असेल तर ८ फ्रेंचची नळी तुंबते, १२ ची टाकायला कचरू नका. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. आणि पिशवीतला आकडा लिहिताना आपण सोडलेलं सलाइन वजा करा. हे हमखास विसरतं.

सुईबद्दल थोडक्यात: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.५ च्या आत, प्लेटलेट ५०,००० च्या वर, आणि हायडॅटिड (फीतकृमीची गाठ) नाही याची खात्री. वाट निरोगी यकृताच्या पट्ट्यातून काढा. सगळ्यात जवळची वाट दिसली म्हणून थेट गळूत शिरलात तर पू पोटात सांडतो. डायलेटर सरकवताना नजर वायरवर ठेवा. ती मुडपली की नळी भलतीकडेच जाते.

दिवसाला १० मिलीच्या आत आलं आणि ताप गेला, की नळी काढायची. त्याआधी नळीचं टोक वळलेलं धरून ठेवणारा आतला दोरा सोडवायला विसरू नका. महिन्याने नातेवाईक रिपोर्ट नाचवत येतात, "डॉक्टर, पोकळी अजून आहे म्हणे." असते. बुजायला काही महिने लागतात. ताप नाही, भूक लागतेय, तर तिला पुन्हा सुई लावू नका.