डांगो: बंद तोंडाचं मोठं सिरॅमिक शिल्प कसं उभारावं

जपानीत डांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा. १९४२ साली नागोयात जन्मलेल्या आणि १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात गेलेल्या सिरॅमिक शिल्पकार जुन कानेको यांनी आपल्या शिल्पांना हेच नाव दिलं. वर-खाली कुठेच तोंड नाही, आतून पोकळ, अंगावर पट्टे आणि ठिपके. त्यांच्या अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या स्टुडिओत माणसापेक्षा उंच डांगो झाले आहेत. ते वाळायला महिने लागतात, भाजायला आठवडे. आकार सोपा दिसतो, फसवतो तो इथेच.

आपण भाजल्यानंतर ५५ सेंटिमीटर उरेल असा डांगो घेऊ. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, साधारण १० टक्के आकसते, म्हणून ओला डांगो ६१ सेंटिमीटर उंच हवा. माती ४० किलो लागेल, तिच्यात २५ ते ३० टक्के ग्रॉग, म्हणजे आधीच भाजून दळलेली माती. नुसत्या मऊ मातीने हे करू नका. ग्रॉगचे दाणे ओलाव्याला बाहेर पडायला वाट ठेवतात आणि आकसणंही कमी करतात.

फळीवर वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर ग्रॉगची भुकटी, मग अडीच सेंटिमीटर जाडीचा तळ. भुकटीमुळे आकसताना तळ सरकतो. तो फळीला चिकटून बसला तर मधोमध फाटणारच.

भिंत वळ्यांनी, म्हणजे मातीच्या लांब दोऱ्या एकावर एक रचून उभी राहते. वळ्या तीन सेंटिमीटर जाड करा. प्रत्येक सांध्यावर ओरखडे काढून लापशी (पाण्यात कालवलेली तीच माती) लावा, आतून माती खाली ओढा, बाहेरून वर. दाबून झाल्यावर भिंत दोन सेंटिमीटर राहायला हवी. दिवसाला १२ सेंटिमीटरपेक्षा वर जाऊ नका. कडेला ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक, आणि खालचा भाग बोटाने दबेनासा होईपर्यंत थांबा.

पोट फुगवताना वळी कडेच्या बाहेरच्या बाजूला बसते, खांदा आत घेताना आतल्या बाजूला. खांदे बहुतेक घाईमुळे खचतात. तिथे वळी पातळ घ्या, दोन वळ्या झाल्या की तासभर सोडा. हात जाईल एवढं शेवटचं भोक उरलं की आतले सांधे चाचपून घ्या, नंतर हात जाणार नाही. ते भोक मातीच्या चकतीने बंद करा.

बंद झाल्यावर आत कोंडलेली हवाच भिंतीला आधार देते. लाकडी थापीने ठोकून आकार नीट करायची हीच वेळ. पण एवढंच करून सोडून दिलं, तर माती आकसते, हवा मात्र आकसत नाही, आणि सांधा उकलतो. म्हणून ठोकून झालं की त्याच दिवशी पायाशी, तळापासून तीन सेंटिमीटरवर, आठ मिलिमीटरचं छिद्र पाडा. भट्टीत मडकं फुटतं ते कोंडलेल्या हवेने, असं सांगतात. फोडते ती वाफ. तरीही छिद्र लागतंच, आतला ओलावा तिथूनच निघतो.

पहिले दोन आठवडे पूर्ण झाकून, पुढे प्लास्टिक थोडं थोडं सैल करत, एकूण दीड महिना. कोकणातल्या पावसाळ्यात दोन धरा. पंखा लावू नका, एक बाजू आधी वाळून डांगो वाकडा होतो. भिंत गालाला गार लागली तर आत अजून पाणी आहे. खात्री करायची तर फळीसकट वजन करा. तीन दिवस आकडा हलला नाही की झालं.

बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी करताना ९० अंशांवर १२ तास, झाकण किंचित उघडं. पुढे ६०० पर्यंत ताशी ३० अंश, मग ताशी ८० ने १,००० पर्यंत. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ आकार बदलतो, तापमान चढताना आणि उतरतानाही. उतरताना तडा जास्त जातो, कारण माती आता कडक असते. शंभरच्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात नको.

पट्ट्यांसाठी मास्किंग टेप लावून ग्लेझचे, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणाऱ्या लेपाचे, तीन हात द्या. टेप ग्लेझ ओलसर असतानाच काढा. कोरडी ओढली की कड पापुद्र्यासारखी उडते. पोटाच्या खाली हात हलका ठेवा, ग्लेझ वितळून तिथे जमा होतं. तळापासून तीन सेंटिमीटर उंचीपर्यंत मेण लावा, तिथे ग्लेझ धरत नाही, नाहीतर डांगो भट्टीच्या फरशीसकट बाहेर येईल. ग्लेझ आणि माती दोन्ही कोन ६ ची (कोन म्हणजे भाजणीच्या तापमानाची श्रेणी) असतील तर शेवटची भट्टी साधारण १,२२० अंशांची.