घरातले थर्माकोल कसे कमी करावे

थर्माकोल घरात साधारणपणे तीन वाटांनी येते: ताटल्या-द्रोण आणि चहाच्या कपांतून, नव्या टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आणि गणपतीच्या मखरातून. तिन्ही वाटांवरचे उपाय निरनिराळे आहेत, परंतु दुखण्याचे मूळ एकच आहे. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मणी वाफेवर फुगवून आणि एकमेकांना चिकटवून थर्माकोल तयार होते, त्यामुळे त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते आणि एक घनमीटर थर्माकोल जेमतेम १५ ते ३० किलो भरते. भंगार वजनावर विकले जाते. खोलीभर थर्माकोल वाहून नेले तरी भंगारवाल्याच्या हाती काही लागत नाही, म्हणून तो ते उचलत नाही आणि ते नाल्यात, तिथून खाडीत जाते. तिथे ते कुजत नाही. त्याचे मणी तेवढे सुटे होतात आणि मासे व पक्षी ते खाद्य समजून गिळतात.

पहिली वाट गरम अन्नाची, आणि ती आधी बंद करावी. पॉलिस्टायरीन ज्या स्टायरीनपासून बनते, त्याचा थोडा अंश तयार मालात शिल्लक राहतो आणि अन्न जितके गरम व तेलकट, तितका तो अन्नात अधिक उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. एका कपातून पोटात जाणारे प्रमाण अत्यल्प असते, हे मान्यच आहे. तरीही स्टीलचा पेला हाताशी असताना तेवढे तरी का घ्यावे, हा माझा प्रश्न आहे. शंका असणाऱ्यांनी संत्र्याची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळून पाहावी. सालीतल्या तेलाचे शिंतोडे जिथे पडतात, तिथे पाहता पाहता खळगे पडू लागतात. बाहेरून रस्सा किंवा भजी आणायची असल्यास घरून डबा न्यावा, आणि घरच्या कार्यासाठी पळसाच्या पत्रावळ्या किंवा सुपारीच्या विरीच्या ताटल्या आधीच सांगून ठेवाव्यात. थर्माकोलच्या डब्यातून अन्न आलेच, तर ते लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे आणि तो डबा मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवू नये.

खोक्यातले थर्माकोल आपण मागवलेले नसते, म्हणून तिथे हाताळणीला महत्त्व येते. ते पिशवीत मावावे म्हणून हाताने मोडण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच टाळावे. मोडताच सुटलेले मणी स्थितिक विजेमुळे कपड्यांना, केरसुणीला चिकटतात, वाऱ्याने उडतात आणि गटारापर्यंत पोचले की परत गोळा करता येत नाहीत. वस्तू घरी पोचवायला आलेल्या माणसाला खोके परत नेता येईल का, हे तिथेच विचारावे. नाही म्हटल्यास तुकडे अख्खे ठेवून पोत्यात भरावेत, तोंड बांधावे आणि सुक्या कचऱ्यात वेगळे द्यावेत. थर्माकोल जाळू तर कधीच नये. त्याच्या दाट काळ्या धुरात काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीनही असते, आणि तो धूर शेजारच्या लहान मुलांच्या छातीत जातो.

मखराच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी निरांजन आणि समई जिथे दहा दिवस तेवतात, तिथे भडकन पेटणारा आणि वितळून ठिबकणारा पदार्थ उभा करणे मला धोक्याचे वाटते. पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि घरातली जुनी जरीची साडी एवढ्यावर उत्तम मखर उभे राहते. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवल्यास तो वाकत नाही, आणि कोपऱ्यांना बांबू बांधल्यास मखर दरवर्षी उलगडून पुन्हा वापरता येते. माळ्यावर थर्माकोलचे जुने मखर पडून असेल, तर ते निर्माल्याबरोबर पाण्यात सोडू नये. वर सांगितल्याप्रमाणे अख्खेच बांधून सुक्या कचऱ्यात द्यावे.