मध्ययुगीन इंग्लिश जमीनदार घराण्याचा माग काढताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एखाद्या मध्ययुगीन जमीनदार घराण्याचा शोध घेणारा अभ्यासक बहुतेक वेळा आडनावापासून सुरुवात करतो आणि तिथेच त्याची वाट चुकते. जमिनीची कागदपत्रे रक्ताच्या नात्यामागे जात नाहीत, ती जमिनीमागे जातात. एखादी मॅनर, म्हणजे स्वतःचे न्यायालय असलेली सरंजामी जमीन, विकली गेली, लग्नात दिली गेली किंवा जप्त झाली की तिच्या सनदा, हिशेबपट आणि न्यायालयाच्या गुंडाळ्याही सहसा नव्या मालकाच्या पेटीत जात, कारण हक्क शाबीत करण्यासाठी त्यांची गरज आता त्याला असे. एवढे ध्यानात ठेवले तरी पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. नॉरफोकमधल्या पास्टन घराण्याचा पंधराव्या शतकातला पत्रव्यवहार सुदैवाने टिकून राहिला आहे, म्हणून इथली बरीच उदाहरणे त्याच घराण्याची घेतली आहेत.

कागद चुकीच्या ठिकाणी शोधणे

नॉरफोकमधला धनाढ्य जमीनदार सर जॉन फॅस्टॉल्फ 1459 मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या मालमत्तेचा वारसा त्याने आपल्यालाच दिला आहे, असा दावा पास्टन घराण्याचा तेव्हाचा प्रमुख जॉन पास्टन याने केला आणि त्यातून उभा राहिलेला तंटा पुढच्या पिढीपर्यंत चालला. 1469 मध्ये नॉरफोकच्या ड्यूकने फॅस्टॉल्फच्या वारशातल्या केस्टरच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला आणि 1476 मध्ये तो पुन्हा पास्टनांकडे आला. फॅस्टॉल्फच्या बाकीच्या मालमत्तेचा मोठा भाग मात्र बिशप वेनफ्लीटने स्थापन केलेल्या ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजला मिळाला, आणि म्हणून फॅस्टॉल्फच्या जमिनींची असंख्य खते आजही त्या कॉलेजच्या दफ्तरात आहेत. जो केवळ नॉरफोकमध्ये शोधेल तो ‘कागद नष्ट झाले’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल.

यावरचा उपाय वेळखाऊ आहे, पण खात्रीचा आहे. ज्या मॅनरशी घराण्याचा संबंध होता तिचे मालक शक्य तितक्या अलीकडच्या काळापर्यंत क्रमाने लावून घ्यावेत, आणि मग शेवटच्या मालकाचे दफ्तर कुठे ठेवले आहे ते पाहावे. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात इंग्लंडमध्ये मॅनरच्या वहिवाटीने जमीन धरण्याची जुनी पद्धत कायद्याने संपली, तेव्हा हक्कांचे पुरावे हरवू नयेत म्हणून मॅनरच्या कागदांना कायद्याचे संरक्षण देण्यात आले आणि त्यांची एक नोंदवहीही सुरू झाली. ती आता लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. या नोंदवहीत शोध घ्यायचा तो मॅनरच्या नावाने. आडनाव घेऊन गेलात तर हाती काही लागणार नाही. आणखी एक सावधगिरी म्हणजे गाव आणि मॅनर एकच आहेत असे धरून चालू नये. नॉरफोकमध्ये एका गावात अनेक मॅनर असत आणि एकाच मॅनरची शेते दोन-तीन गावांत पसरलेली असत.

एकाच नावाची माणसे

फॅस्टॉल्फच्या वारशावर दावा सांगणारा जॉन हा न्यायाधीश विल्यम पास्टनचा मुलगा. तो 1421 मध्ये जन्मला आणि 1466 मध्ये वारला. त्याच्या दोन थोरल्या मुलांची नावेही जॉनच होती. एक 1442 मध्ये जन्मला, दुसरा 1444 मध्ये, आणि दोघेही मोठे होऊन घराण्याचे प्रमुख झाले. म्हणजे 1444 पासून 1466 पर्यंत एका घरात एकाच वेळी तीन जॉन पास्टन हयात होते. थोरल्या मुलाला 1463 मध्ये नाइट केले गेले आणि त्यानंतर ‘सर’ या उपाधीमुळे तो वेगळा ओळखू येतो, पण त्याआधीच्या कागदात नुसते ‘जॉन पास्टन’ दिसले तर लगेच नाव वंशवृक्षात चढवू नये. कोणत्या जमिनीचा उल्लेख आहे, साक्षीदार कोण आहेत, पत्र कुठून लिहिले आहे, हे जुळवून झाल्यावरच निर्णय घ्यावा. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ ही विशेषणे नेहमी बापलेकांनाच लावलेली असतात असेही नाही. ती भावाभावांना किंवा काका-पुतण्यांनाही लागतात. लॅटिन कागदातला ‘नेपोस’ हा शब्द पुतण्या, भाचा आणि नातू या तिघांनाही वापरलेला सापडतो.

तारखा

मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये सन 25 मार्चला बदलत असे, आणि ही रीत 1752 पर्यंत टिकली. चौथ्या एडवर्डने गादी घेतली ती आपल्या हिशेबाने 4 मार्च 1461 रोजी, पण त्या काळच्या माणसाच्या लेखी ते अजून 1460 सालच होते. टाउटनची लढाई त्याच महिन्याच्या 29 तारखेला झाली आणि तोवर सन बदललेला होता. त्यामुळे एकाच वसंतातल्या दोन घटना कागदावर वर्षभराच्या अंतराने घडल्यासारख्या दिसतात.

बहुतेक खतांवर तर सन नसतोच, राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. सहाव्या हेन्रीची कारकीर्द 1 सप्टेंबर 1422 रोजी सुरू झाली, म्हणून त्याचे सत्ताविसावे वर्ष 1 सप्टेंबर 1448 ते 31 ऑगस्ट 1449 असे धरावे लागते. 1422 मध्ये 27 मिळवून 1449 लिहिणारा अभ्यासक त्या वर्षाचे पहिले चार महिने गमावतो आणि मग मुलाचा जन्म बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने झाला असली अशक्य गोष्ट त्याच्यासमोर उभी राहते. हिशेबपटांचे वर्ष आणखी वेगळे, 29 सप्टेंबरच्या मायकेलमस सणापासून पुढच्या मायकेलमसपर्यंतचे. खाजगी पत्रांवर अनेकदा फक्त सणाचा आधार देऊन वार लिहिलेला असतो. अशा पत्राला छापील आवृत्तीत दिलेले वर्ष हा संपादकाचा तर्क असतो, हे विसरू नये.

नोंद कशासाठी झाली ते न पाहणे

मला ही सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण ती करताना आपण चुकतो आहोत अशी शंकाही येत नाही. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस वारला की एस्चीटर नावाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून चौकशी करी: मृताकडे कोणती जमीन होती, तो कधी वारला, वारस कोण आणि त्याचे वय किती. तेराव्या शतकापासूनच्या या वारसचौकशा म्हणजे वंशावळीसाठी मोठा ठेवा आहेत. परंतु दुसऱ्या सरदाराकडून जमीन धरणाऱ्या कुळाची अशी चौकशी होतच नसे. ‘वय 21 वर्षे व अधिक’ या शब्दांचा अर्थ वारस सज्ञान आहे एवढाच, मग तो प्रत्यक्षात चाळिशीचा का असेना. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पुष्कळ जमीनदार आपली जमीन हयातीतच विश्वस्तांच्या नावे करू लागले, म्हणून हजारो एकरांचा धनी ‘काहीही जमीन न धरता वारला’ अशी नोंदही सापडते. ते दारिद्र्याचे लक्षण नव्हे.

विधवांचे हक्कही याच कारणाने नजरेतून सुटतात. न्यायाधीश विल्यम 1444 मध्ये वारला, पण त्याची बायको अ‍ॅग्नेस 1479 पर्यंत जगली आणि तिच्या वाट्याच्या जमिनी तोवर तिच्याच हाती राहिल्या. तिचा मुलगा तिच्याआधी तेरा वर्षे गेला. त्याच्या नावावर जे दिसत नाही ते आईच्या नावावर पाहावे.

‘फाइन’ हा शब्द पाहून दंड समजणेही असेच घातक आहे. इथे त्याचा अर्थ न्यायालयातला अंतिम समझोता. खरेदीदार विक्रेत्यावर नावापुरता दावा लावी आणि तडजोडीच्या रूपाने जमीन हस्तांतरित होई. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहिला जाई, दोन प्रती वर शेजारी-शेजारी आणि तिसरी खाली आडवी, आणि मग नागमोडी रेषेत कापून दोन्ही पक्षांना वरच्या प्रती दिल्या जात. खालचा तुकडा, म्हणजे ‘पाय’, न्यायालय ठेवून घेई. कोणी बनावट प्रत आणली तर तिची कड मूळ तुकड्याशी जुळत नसे. 1195 पासूनचे हे ‘पाय’ फार मोठ्या संख्येने टिकले आहेत. त्यांतल्या व्यवहाराच्या तारखांवर विश्वास ठेवावा, किमतीवर मात्र ठेवू नये. शंभर मार्कांसारखी गोल रक्कम पुष्कळदा निव्वळ रिवाज म्हणून लिहिलेली असते. मार्क हे नाणेही नव्हते, ते 13 शिलिंग 4 पेन्सचे हिशेबाचे एकक होते.

घराण्याने स्वतःबद्दल सांगितलेले खरे धरणे

पास्टनांच्या शत्रूंनी त्यांच्या कुळाविषयी एक टिपण लिहून ठेवले आहे. त्यानुसार न्यायाधीशाचा बाप क्लेमंट हा साधा शेतकरी होता. त्याची जमीन फार तर शंभर-सव्वाशे एकर, आणि तिच्यातली बरीचशी गिमिंगहॅम हॉलच्या बांधिलकीतली, म्हणजे त्या मॅनरचे बांधील कूळ म्हणून धरलेली. तो खोगीर नसलेल्या घोड्यावर धान्याचे पोते खाली घेऊन गिरणीला जाई आणि तसाच पीठ घेऊन घरी येई. 1466 मध्ये मात्र चौथ्या एडवर्डने पास्टन हे पूर्वापार कुलीन असल्याचे जाहीर केले, ते घराण्याने सादर केलेली जुनी खते आणि न्यायपट पाहून. पास्टनमध्ये आपले न्यायालय आणि आपली बांधील कुळे अनादिकाळापासून होती, असा त्यांचा दावा होता.

दोन्ही कागद हेतूने लिहिलेले आहेत आणि दोहोंतला एकही एकटा पुरेसा नाही. वर चढलेले घराणे आपल्या दफ्तरात स्वतःला मालक म्हणूनच दाखवते. त्याची आधीची पायरी दिसते ती शेजारच्या, मोठ्या सरदाराच्या मॅनरच्या गुंडाळ्यांत, जिथे त्याच घराण्यातला एखादा क्लेमंट काही पेन्स भरून शेताचा तुकडा वहिवाटीला घेत असतो. गिमिंगहॅम लँकेस्टरच्या डचीकडे, म्हणजे ड्यूकच्या जहागिरीकडे होते, म्हणून पास्टनांच्या मुळाविषयीचा प्रश्न घेऊन आधी त्या डचीच्या दफ्तराकडे वळावे आणि घराण्याची स्वतःची खते त्यानंतर उघडावीत.