पाश्चात्त्य गूढपरंपरेतला सूक्ष्मदेह: अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

मराठी घरातून या विषयाकडे येणाऱ्याच्या मनात स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण हे चार देह आधीपासूनच असतात. कीर्तनात, प्रवचनात, दासबोधाच्या पारायणात ते कानावर पडलेले असतात. त्यामुळे ग्रीक किंवा लॅटिन मजकुरात आत्म्याच्या तेजोमय आवरणाचा उल्लेख आला की हात लगेच समासात 'सूक्ष्मदेह' असं लिहायला धावतो. नव्याने येणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते: सुरुवातीचं निदान एक वर्ष हे चार देह बाजूला ठेवा. ते कुठे जात नाहीत. त्यांचं काम पुढे येणारच आहे.

सुरुवात प्रोक्लसपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या या तत्त्वज्ञापुढचा प्रश्न अगदी नेमका होता. आत्मा अशरीरी, देह जड, मग दोघांची गाठ पडते कशी? प्लेटोच्या 'तिमाइअस'मध्ये एक ओझरतं वाक्य आहे: निर्मात्याने प्रत्येक आत्म्याला रथात बसवावं तसं एकेका ताऱ्यावर बसवलं. ॲरिस्टॉटलनेही बीजातल्या उष्ण श्वासतत्त्वाचं नातं ताऱ्यांच्या द्रव्याशी जोडलं होतं. एवढ्याशा भांडवलावर पुढच्या प्लेटोपंथीयांनी आत्म्याच्या 'वाहना'चा, म्हणजे ऑखेमाचा, सगळा सिद्धांत उभा केला. प्रोक्लस दोन वाहनं मानतो: एक तेजोमय आणि अविनाशी, दुसरं खाली उतरताना अंगावर चढलेलं आणि पुढे गळून पडणारं. ई. आर. डॉड्सने 1933 साली प्रोक्लसच्या ग्रंथाची आवृत्ती काढली. तिच्या शेवटी याच विषयावर एक परिशिष्ट आहे. पानं थोडीच, पण ती दोनदा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर थेट फ्लॉरेन्स गाठावं. मार्सिलिओ फिचिनोचं 'दे व्हिता' हे तीन खंडांचं पुस्तक 1489 सालचं, आणि माझा सगळ्यात जास्त मुक्काम तिथेच झाला. वैद्याचा मुलगा आणि स्वतःही वैद्यक शिकलेला हा माणूस 'स्पिरिटस'बद्दल बोलतो तेव्हा परलोकाचं वर्णन करत नसतो. त्याच्या मते स्पिरिटस म्हणजे हृदयाच्या उष्णतेने रक्ताच्या सूक्ष्म अंशातून निघालेली शुद्ध, उष्ण, निर्मळ वाफ. ती मेंदूत जाते आणि तिच्या आधाराने आत्मा इंद्रियांकडून काम करून घेतो. रात्र रात्र वाचणाऱ्या माणसाची ही वाफ खर्च होते, उरलेलं रक्त जड आणि काळं पडतं, आणि मग विषाद येतो. त्यावर त्याचे उपाय म्हणजे सुगंध, वाइन, मोकळी हवा, सूर्यप्रकाश आणि गाणं. गाण्यावर त्याची विशेष श्रद्धा होती. सूर हे हवेतून येतात, स्पिरिटसही हवेसारखाच, म्हणून गाणं त्याला थेट भिडतं, असं तो म्हणतो. तो स्वतः तंतुवाद्यावर ऑर्फिक, म्हणजे ऑर्फियसच्या नावावर असलेली प्राचीन ग्रीक, स्तोत्रं गात असे. अभ्यासू माणसाच्या थकव्याची इतक्या मायेने केलेली चिकित्सा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याचा तारकादेह आणि सतराव्या शतकातले केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री मोर वगैरे मंडळी पहिल्या फेरीत चाळली तरी चालतील.

थिऑसॉफीत, म्हणजे ब्लाव्हात्स्की आणि ऑल्कॉट यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या गूढविचारात, मात्र सावकाश जा. इथे आपला खरा संबंध येतो. 1875 मध्ये न्यूयॉर्कला निघालेली ही संस्था 1879 मध्ये मुंबईला आली, आणि माणसाचे सात घटक सांगणारा लेख ऑक्टोबर 1881 च्या 'द थिऑसॉफिस्ट'मध्ये, म्हणजे मुंबईतच, प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या घटकाला 'लिंगशरीर' म्हटलं आहे. आपल्या वेदान्तात लिंगशरीर म्हणजे इंद्रियं, प्राण, मन, बुद्धी मिळून सतरा अवयवांचा समूह. इथे तो जड देहाचा सूक्ष्म साचा झाला. तेव्हा त्यालाच ॲस्ट्रल देह असंही म्हणत. पुढे याच संस्थेतल्या ॲनी बेझंट आणि सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी ती जागा इथेरिक जोडदेहाला दिली आणि भावना-वासनांच्या देहाला ॲस्ट्रल म्हटलं. म्हणून ॲस्ट्रल देहाचा उल्लेख दिसला की आधी प्रकाशनाचं साल बघा. संस्थेतलेच वेदान्ताचे अभ्यासक टी. सुब्बा राव यांनी 1887 च्या सुमारास या सातच्या मांडणीवर आक्षेप घेतला आणि तीन उपाधी (आत्म्याची आवरणं) व आत्मा अशी चौघांची मांडणी पुढे केली. ब्लाव्हात्स्कींशी झालेला तो छापील वाद मुळातूनच वाचावा. बाजूला ठेवलेले चार देह आता परत काढायला हरकत नाही.

लेडबीटरच्या 1902 च्या पुस्तकातली रंगीत चित्रं मोहात पाडतात. संतापलेल्या माणसाच्या चित्रात काळे भोवरे आणि त्यांतून फुटणाऱ्या लाल ज्वाळा आहेत. पण त्याच पुस्तकात 'रानटी' आणि 'विकसित' माणसाचे देह शेजारी शेजारी लावून उतरंड रचलेली आहे. ती साम्राज्याच्या काळाची उतरंड आहे. चित्रांचं कौतुक करताना ते नजरेआड करू नका.

वहीत मी प्रत्येक लेखकासाठी तेच प्रश्न लिहिते. हा देह कशाचा आहे, कुठून आला, मेल्यावर त्याचं काय होतं, आणि लेखकाला त्याची गरज का पडली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की बाकीची आपोआप उलगडतात. प्रोक्लसला दुवा हवा होता, फिचिनोला औषध, थिऑसॉफिस्टांना मरणोत्तर प्रवासाचा नकाशा.

भाषेला घाबरू नका. शाळेत संस्कृत झालं असेल तर लॅटिनच्या विभक्ती अंगावर येत नाहीत. जुनी गूढविद्येची नियतकालिकं आयएपीएसओपी (IAPSOP) या संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात फुकट वाचता येतात. या विषयाचं अध्यासन ॲमस्टरडॅम विद्यापीठात 1999 पासून आहे. ॲमस्टरडॅममध्येच रिटमन यांनी उभारलेलं हर्मेटिक, म्हणजे हर्मिस ट्रिस्मेजिस्टसच्या नावाने चालत आलेल्या गूढविद्येच्या, ग्रंथांचं वाचनालयही आहे. विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करताना 'पूर्व आणि पश्चिमेतील सूक्ष्मदेह' असा विषय देऊ नका. तो कुणाच्याच आवाक्यातला नाही. 'फिचिनोच्या तिसऱ्या खंडातलं संगीत आणि स्पिरिटस' हा विषय झाला. '1881 ते 1887 मधला घटकांच्या संख्येचा वाद' हाही झाला, आणि त्यासाठी संस्कृत वाचता येणारा विद्यार्थी कुठल्याही मार्गदर्शकाला हवाच असतो.