मिलिग्रॅमचा टन करताना

तासगावच्या द्राक्षांचे लॅब रिपोर्ट एक्सेलमध्ये भरत होतो. फवारणीच्या औषधाचा अंश मिलिग्रॅम प्रति किलो, माल टनात. मालातला एकूण अंश टनात काढायच्या रकान्यात सगळीकडे ०.०० च! सूत्र बरोबर होतं, फक्त रकाना दोनच दशांश दाखवत होता. फॉरमॅट 'सायंटिफिक' केल्यावर आकडे उमटले, पण दादा म्हणाला, "हे उणे सातवा घात बागायतदाराला कोण समजावणार?"

मग रकानाच बदलला. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच ग्रॅम प्रति टन, आकडा तोच! युरोपात वेगळी मर्यादा न ठरलेल्या औषधाला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू. म्हणजे १२ टनांत ०.१२ ग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. टनच हवा असेल तर मिलिग्रॅमला १ अब्जाने भागा. मायक्रोग्रॅम असेल तर आणखी हजाराने.